जपानचे रिसबूडकाका

टोरोंटोच्या स्कारबरो भागातल्या आमच्या गल्लीत बर्फ पडला की लोक टोपी, मफलर, हातमोजे घालून तो फावड्याने उपसायला बाहेर पडतात. रिसबूडकाका हेल्मेट घालून पडतात. सायकलचं नव्हे, स्कूटरचंही नव्हे. अमेरिकन फुटबॉलचं, तोंडापुढे जाळी असलेलं, आणि कपाळावर जपानचा लाल गोल चिकटवलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खिडकीतूनच बायकोला हाक मारली, "मीरा, शेजारी कोणीतरी आलंय, आणि हेतू काही चांगला दिसत नाही."

"घसरलो तर डोकं शाबूत राहायला हवं," काकांनी नंतर खुलासा केला. "हाडं इथे सरकार जोडून देतं. डोक्याची गॅरंटी नाही."

काका मूळचे पेणचे, नोकरी चिंचवडला, वय अडुसष्ट, उंची पाच फूट तीन. मुलीबरोबर कॅनडात आले. तिला व्हँकूव्हरला नोकरी लागली, ती तिकडे गेली आणि काका इथेच राहिले. क्रिकेटशी त्यांचं देणंघेणं नाही, बर्फावरच्या हॉकीशीही नाही. त्यांचा सगळा जीव जपानच्या अमेरिकन फुटबॉल संघात. जपानी लोक हा खेळ खेळतात हेच मला माहीत नव्हतं. "काका, जपानला तरी माहीत आहे का?" असं मी एकदा विचारून बसलो. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्या संघाला ते 'आपली टीम' म्हणतात. "आपली पोरं आकाराने मार खातात रे. समोर एकेक रेडा! पण शिस्त बघ, शिस्त!" आपण हरलो, असं मात्र त्यांनी आजवर कबूल केलेलं नाही. 'थोडक्यात राहिलं' म्हणतात. एकदा चाळीस गुणांनी थोडक्यात राहिलं होतं.

मला हा खेळ कळावा म्हणून त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी घेतली. आमटीच्या पाच वाट्या ओळीने मांडल्या, ती पुढची फळी. मागे तुपाचं भांडं, तो चेंडू फेकणारा. "सोपं आहे. चिलखत घालून खेळलेली कबड्डी," असं म्हणत त्यांनी डाव्या हाताने हल्ला केला. दोन वाट्या कलंडल्या आणि तूप मीराच्या नव्या टेबलक्लॉथवर पसरलं. "बघितलंस? म्हणून फळी मजबूत लागते," काका शांतपणे म्हणाले. मीरा जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो संघ खरोखरच इथे आला. टोरोंटोपासून तासाभरावरच्या एका युनिव्हर्सिटीच्या मैदानावर मैत्रीचा सामना होता. काका सकाळीच आमच्या दारात उभे. अंगात सूट, गळ्यात टाय. "गाडी तू चालव. माझं आज रस्त्याकडे लक्ष लागायचं नाही."

"काका, मॅच बघायला सूट?"

"मॅच बघायला नाही रे. एक नमस्कार राहिलाय माझा."

हायवेला लागल्यावर ते आपणहून बोलू लागले.

"तीन वर्षं होतो मी जपानला, तिथल्या कारखान्यात. भाषा येईना, मासे चालेनात, बोलणार कुणाशी? शेजारच्या टेबलावर मोरिता-सान होता. आठवडाभर ड्रॉइंगं काढायचा आणि रविवारी माणसं आडवी करायचा. कंपनीच्या फुटबॉल टीममध्ये होता ना. तो मला मैदानावर घेऊन गेला, मी खेळाडूंना पाणी द्यायला लागलो. एक रविवार चुकवला नाही. त्याची बायको माझ्यासाठी वेगळा भोपळा शिजवायची."

"मग?"

"परत यायला निघालो तेव्हा सगळी टीम स्टेशनवर आली. फलाटावर ओळीने उभी राहिली आणि कमरेत वाकली. मला रडू फुटायला लागलं. आता चारचौघांत रडायचं कसं? मी पाठ फिरवली. बॅग नीट लावतोय असं दाखवत राहिलो. गाडी सुटली. तिथे समोरचा वाकला की आपण वाकायचं असतं रे. मोरिताला काय वाटलं असेल?"

"पत्र नाही लिहिलंत?"

"लिहिलं ना. कारखाना बंद झाला होता, पत्र परत आलं. तीस वर्षं होऊन गेली. आपली टीम सामना संपला की प्रेक्षकांपुढे वाकते. जिंको नाहीतर हरो. आज मी पाठ फिरवणार नाही."

 मी गाडीचा वेग थोडा वाढवला.

सामना सुरू झाल्यावर मात्र सुटाचा रुबाब कुठल्या कुठे गेला. "अरे, कंबरेत धर त्याला! सोडतोस काय!" पहिल्या रांगेत उभं राहून पेणकर मराठीत सूचना चालू होत्या. शेजारी बसलेलं एक कॅनेडियन जोडपं मुकाट्याने चार खुर्च्या पलीकडे सरकलं. आपली टीम सणसणीत हरली. काकांचं गुणफलकाकडे लक्षच नव्हतं. ते कोटाची बटणं लावत होते.

खेळाडू हेल्मेट हातात घेऊन आमच्यासमोर ओळीने उभे राहिले, आणि एकदम वाकले. काका उठले, हात शरीराशी सरळ ठेवले आणि कमरेत वाकले. खेळाडू सरळ झाले. काका झाले नाहीत. ओळ मोडली, पोरं परत निघाली, तरी काका वाकलेलेच.

परतणाऱ्यांत सगळ्यांत शेवटी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट उचललेला एक पन्नाशीचा माणूस होता. त्याने मागे वळून पाहिलं, क्रेट खाली ठेवला आणि तो पुन्हा वाकला. त्याला बघून दोन पोरं थांबली, वाकली. मग सगळीच. काकांनी डोळे वर करून पाहिलं, तर अख्खी टीम वाकलेली. ते आणखी खाली गेले. आता आधी कोण उठणार, या काळजीने मी घड्याळ पाहिलं.

हिरवं जाकीट घातलेली स्टेडियमची एक मुलगी धावत आली. "सर, आर यू ओके? इज इट युअर बॅक?"

काकांच्या डोळ्यांतून टपटप पाणी पायाखालच्या सिमेंटवर पडत होतं. माझेही डोळे भरून आले होते. मी म्हणालो, "नो, नो, हिज बॅक इज फाइन. ही इज जस्ट सेइंग गुडबाय टु सम फ्रेंड्स."

तिने मैदानाकडे पाहिलं, मग काकांकडे. "ओह," ती म्हणाली. "टेल हिम टु टेक हिज टाइम." आणि मागून येणारी गर्दी तिने दोन्ही हात पसरून थांबवून धरली.