देवरेकाकांचं युरेनियम

देवरेकाकांना ‘कसे आहात?’ असं विचारायचं असेल, तर आधी हातातली दुधाची पिशवी खाली ठेवावी. कारण त्यांचं उत्तर युरेनियमपासून सुरू होतं.

काका मूळचे सटाण्याकडचे. नोकरी सगळी झारखंडात, युरेनियमच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून झाली. निवृत्तीनंतर नाशकात, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आले. खनिज दळून आम्लात टाकलं की युरेनियम विरघळतं, पण सोबत लोखंड आणि आणखी काय काय विरघळतं. ते पाणी रेझिनच्या, म्हणजे मोहरीएवढ्या मण्यांच्या उंच टाकीतून सोडायचं. मणी युरेनियम धरून ठेवतात, बाकीचं बरंचसं वाहून जातं. मग मिठाचं पाणी सोडून ते उतरवून घ्यायचं. एवढं मला पाठ आहे, कारण आमची लिफ्ट वरचेवर बंद पडते आणि काका जिन्यात गाठतात.

“लोखंड फार आगाऊ,” ते सांगत, “बोलावलं नसताना चिकटतं.” रंगात आले की त्यांची अहिराणी बाहेर येई, “खरी गंमत आठेच शे,” म्हणजे इथेच आहे.

सोसायटीच्या बोअरचं पाणी मऊ करायच्या यंत्रातही तसलेच मणी असतात, हे कळल्यापासून त्यात मीठ टाकायला काका प्लंबरला हात लावू देत नसत. सेक्रेटरी तर त्यांना लांबून पाहिलं की बंद मोबाईल कानाला लावायचे.

माझे बाबा मनमाडला रेल्वेत गार्ड होते. आई गेल्यावर आमच्याकडे आले, तोवर त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. संध्याकाळ झाली की ड्यूटीवर जायचं म्हणून बूट घालून दाराशी उभे राहायचे. अडवलं की घाबरून रडायचे. एकदा असेच जिन्यापर्यंत गेले, तिथे काका भेटले. बाबांनी त्यांना विचारलं, तुमची ड्यूटी कुठं? काका तिथेच पायरीवर बसले आणि खाणीपासून सुरू झाले. बाबा शेजारी बसून मन लावून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांना त्यातलं काही आठवत नव्हतं. काकांनी पुन्हा खाणीपासून सांगितलं. मग ते रोजच येऊ लागले. बाबा फारच अस्वस्थ असले की त्यांना गॅलरीतल्या खुर्चीवर बसवून म्हणायचे, “गार्डसाहेब, टाकीच्या शेवटच्या नळावर तुमची ड्यूटी. युरेनियम बाहेर यायला लागलं म्हणजे मणी भरले. लगेच मला सांगायचं.” बाबा ताठ बसायचे. ड्यूटी मिळाली की बाहेर जायचं नावच काढत नसत.

बाबा जाईपर्यंत आमच्या संध्याकाळी काकांनी अशा सांभाळल्या. बायकोला आणि मला गरम चहा बसून पिता आला, तो त्यांच्यामुळे.

बाबांचे दिवस झाल्यावर मी काकांकडे गेलो. आभार मानायचे होते. त्यांनी चहा टाकला. मी म्हणालो, “काका, रोज तेच पहिल्यापासून सांगायचं, कंटाळा नाही आला?”

त्यांनी गॅस बारीक केला. “तुझी काकू होती तोवर घरी आलो की ती विचारायची, आज काय झालं म्हणून. तिच्यानंतर माझं पूर्ण ऐकून घेतलं ते तुझ्या बाबांनीच. संध्याकाळ झाली की मीच घड्याळ बघायचो रे, कधी एकदा तुमच्याकडे येतो म्हणून.”

चहा संपला. मी उठलो नाही. अजून अर्धा कप मिळेल का, असं विचारलं.