मिस्टर हॅचच्या दोन खुर्च्या

"मशिनं हलणार नाहीत म्हणजे नाहीत! बघतेच मी कोण हलवतंय ते!"

लिगाया दुमलाओने ट्रे बारवर असा आपटला की लिंबाच्या फोडी उडून तादेसेच्या ॲप्रनवर बसल्या. तादेसे बारमागचा माणूस, जन्माचा शांत. त्याने एकेक फोड वेचली आणि म्हणाला, "लिगायाबाई, आधी ऑर्डर सांगा. भाषण मग."

"दोन रम-कोला, एक व्हिस्की पाणी घालून, आणि तो प्रुइट स्वतःला समजतो कोण?"

"जुगाराच्या मशिनांचा साहेब समजतो. आहेच तो. खांबाजवळच्या त्या दोन मशिनांवर कुणी खेळत नाही, म्हणून सोमवारी ती उचलणार."

"कुणी नाही कसं? मिस्टर हॅच खेळतात ना!"

"ते तीन आठवडे इस्पितळात पडलेत. आणि खेळतात म्हणजे काय, एकेक सेंट घालतात आणि दिवसभर टोमॅटोचा रस पितात. फुकट!"

हे मात्र खरं होतं. लास वेगासच्या कॅसिनोत खेळणाऱ्याला दारू फुकट, रस फुकट, आणि तो वाहून नेणाऱ्या बाईचे पायही जवळपास फुकटच! लिगायाने या उंच टाचांवर उभी हयात काढली होती. डाव्या तळव्यावर भरलेला ट्रे तोलायचा, गर्दीतून वाट काढायची, "ड्रिंक्स! ड्रिंक्स!" असं गाणं म्हणत फिरायचं, आणि मागून कोणी चावटपणा केला तरी दात दाखवायचे. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, पेलेच राहत. व्हिस्की-पाणीच्या मुलीचं लग्न ठरलं, जिन-लिंबूचा घटस्फोट झाला, अशा तिच्या बातम्या!

मिस्टर हॅचना मात्र ती नावाने ओळखत होती. ते आणि त्यांची बायको डेल्फीन रोज सकाळी खांबाजवळच्या त्या दोन मशिनांवर शेजारी-शेजारी बसायचे आणि दिवसभर भांडायचे. तीन वर्षांपूर्वी डेल्फीन गेली. तिला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्टर हॅच आले, आपल्या मशीनवर बसले, आणि शेजारची खुर्ची त्यांनी पुढे कलती करून मशीनला टेकवली. खुर्ची टेकवली म्हणजे इथे माणूस बसलंय, जरा बाहेर गेलंय, हे इथे सगळ्यांना कळतं. कुणी विचारलंच तर ते म्हणायचे, "बायको आत्ता येईल." तीन वर्षं रोज हेच. पहारेकऱ्यांनासुद्धा ठाऊक होतं, पण ती खुर्ची सरळ करायचा धीर कुणालाच झाला नाही.

आणि आता म्हाताऱ्याने खुबा मोडून घेतला होता. स्ट्रेचरवरून जाता जाता त्यांनी लिगायाचा हात धरला. "पोरी, जागा सांभाळ हं. दोन्ही." घरी त्यांचं कुणी नव्हतं. बोलायला होती ती ही एक खुर्ची. लिगायाने शब्द देऊन टाकला.

बेत अगदी सोपा होता. मशीन कमावतं झालं की ते कोण कशाला हलवेल?

इथला प्रत्येक जुगारी ड्रिंक्सवालीला एकच प्रश्न विचारतो, "आज कुठलं मशीन देणार गं?" आणि लिगाया प्रत्येकाला एकच उत्तर देत आली होती, "मला माहीत असतं तर या टाचांवर उभी असते का?" त्या दिवशी रम-कोला, म्हणजे निवृत्त न्हावी वेंडेल, त्याने सवयीने विचारलं. लिगायाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पुटपुटली, "खांबाजवळची ती दोन. पैशांनी तुंबलीत नुसती. कुणाला बोलू नका हं!"

न्हाव्याला सांगितलं, "कुणाला बोलू नका"! दुपारपर्यंत अख्ख्या कॅसिनोत बोभाटा झाला. जिने इतकी वर्षं तोंड उघडलं नाही ती बोलली, म्हणजे आतली बातमी! त्यात नशीब असं पालथं, की वेंडेल मशीनवर बसला आणि तासाभरात मोठं बक्षीस लागून घंटा वाजायला लागली! दिवे लागले, वेंडेल खुर्चीवर चढून नाचला, आणि खांबाभोवती लोकांची झुंबड उडाली.

"काय म्हटलं होतं मी?" लिगाया तादेसेपुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "डोकं लागतं डोकं!"

प्रुइटसाहेबांनी आकडे पाहिले आणि ते हर्षभरित झाले. मशिनं काढायचा हुकूम रद्द! लिगायाने इस्पितळात फोन लावला. "मिस्टर हॅच, काही काळजी करू नका. दोन्ही जागा शाबूत आहेत!" पलीकडून म्हातारा म्हणाला, "देव तुझं भलं करो, पोरी."

सोमवारी ती कामावर आली तर खांबाजवळ काहीच नव्हतं.

मशिनं पुढच्या दरवाज्यात होती! उंच चौथऱ्यावर, भोवती लाल दोरी, वर लुकलुकणारे दिवे आणि हा भला मोठा फलक: "नशीबवान जोडी". प्रत्येकाला पंधरा मिनिटं, आणि रांग थेट लिफ्टपर्यंत!

लिगाया धावत वेंडेलकडे गेली. "अहो, मी खोटं बोलले होते! त्या मशिनांत काहीसुद्धा नाही!"

वेंडेलने डोळा मारला. "कळलं, कळलं! सगळं तुम्हालाच पाहिजे होय?" आणि तो मोठ्याने ओरडला, "ए, ती म्हणते आता काही नाही त्यात!" झालं! रांग दुप्पट झाली.

बुधवारी मिस्टर हॅच आले. स्वच्छ दाढी, पाण्याने बसवलेला भांग, हातात वॉकर. सवयीने ते आधी खांबाकडे गेले. तिथल्या गालिच्यावर नुसते दोन गडद चौकोन उरले होते. ते बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. लिगायाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण ट्रेसकट आत जावं.

"ती पुढे नेलीत," ती कशीबशी म्हणाली. "मी बोलते प्रुइटशी."

"नको. लोक ताटकळलेत. मी राहतो उभा."

मोडक्या खुब्याने ते रांगेत उभे राहिले. वेंडेलने निदान त्यांना आपल्या पुढे घेतलं. नंबर आला, तेव्हा दोन्ही मशिनं एकदमच रिकामी झाली. मिस्टर हॅच आपल्या मशीनवर बसले, आणि त्यांनी शेजारची खुर्ची कलती करून टेकवली.

"ओ आजोबा, काय चाललंय?" रांगेतून आरडाओरडा सुरू झाला. सूर्यफुलांचा सदरा घातलेली एक बाई दोरीशी येऊन थांबली होती. पहारेकरी नवा होता. तो म्हणाला, "साहेब, खुर्ची अडवता येणार नाही. कोण यायचंय?"

मिस्टर हॅचनी तोंड उघडलं. पुढचं वाक्य लिगायाला तोंडपाठ होतं.

"बायको..." ते म्हणाले, आणि थांबले. त्यांनी रांगेकडे पाहिलं, वरच्या दिव्यांकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ती खुर्ची सरळ केली.

"बसा बाई," ते म्हणाले. "ती येणार नाही."

बाई धपकन बसली. "थँक्यू हं! बाई गं, केवढी ती रांग! अहो ताई, ड्रिंक मिळेल का?"

मिस्टर हॅच समोरच्या मशीनकडे बघत होते. बटण काही त्यांनी दाबलं नव्हतं. "लिगाया," ते हळूच म्हणाले, "ही मशिनं इथे आणायची अक्कल कुणाची गं?"

"असेल कुणीतरी महामूर्ख," लिगाया म्हणाली, आणि त्या बाईची ऑर्डर घ्यायला वळली.