डोळे मिटून उचललेला कप

तायडे सर भाजीवाल्याला टोपलीकडे पाठ करायला लावत आणि मग मागे हात घालून वांगी काढ म्हणत. "पाहून देशीन तं किडकंच देशीन," हे वर ऐकवत. मंगरूळपीरच्या बाजारात ते दिसले की बायका पदर तोंडाला लावून हसत.

आमच्या शाळेत ते गणित शिकवत. नव्या पुस्तकात संभाव्यता नुकतीच आली होती, ती जणू त्यांच्यासाठीच.

"थैलीत पांढऱ्या आन् लाल गोट्या, तीनास दोन. लाल निंघायची संभाव्यता?"

पोरं ठोकून देत, "तीनातून दोन!"

"अबे, दोनाले तिनानं काहून भागून राह्यला? लाल काय थैलीबाहेर हायेत? तीन आन् दोन झाले पाच. पाचातून दोन! आन् पह्यले हे इचार, काढणाऱ्यानं डोये मिटले होते काय?"

शिक्षक आम्ही पाच, कपही पाच. चार धड, एक कान तुटलेला. तुटका खिडकीत वेगळा ठेवलेला असे आणि रोज सरांपुढेच येई. सर बौद्ध, एवढं कारण गावाला पुरे होतं. नागरिकशास्त्रात समता शिकवणारे गुरुजीही तिथेच बसून चहा भुरकत.

एकदा सरांनी दहावीच्या फळ्यावर हेच गणित घातलं. धड आणि तुटके कप चारास एक, तायडे मास्तरला तुटका यायची संभाव्यता किती?

"पाचातून एक!"

"बरोबर. मंग रोज त्यालेच येते, तं काय समजाचं?"

मागून एक पोरगी म्हणाली, "देणाऱ्याचे डोये उघडे हायेत, सर."

गोष्ट मुख्याध्यापकांपर्यंत गेली. त्यांनी उदार होऊन तुटका फेकला, नवा आणवला. निळ्या फुलांचा. बाकीचे चार पांढरेच. स्टाफनं त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर मात्र चहा पिऊन तासाला गेले.

परीक्षेचे पेपर घेऊन मी सरांच्या घरी गेलो. चहा दोघांचा, पण ट्रेमध्ये कप पाच, सगळे रिकामे.

"डोये मिटा, उचला कोणताबी."

मी उचलला. डोळे उघडून म्हणालो, "सर, हे तर सगळे सारखेच!"

"म्हणूनच घेतले. घर बांधलं तवा. सारा स्टाफ येईन म्हनलं."

माझ्या कपाच्या बुडाला दुकानाची किमतीची चिठ्ठी होती. उरलेले उलटून पाहिले, आणखी तीन कपांनाही होती. फक्त सरांच्या कपाचं बूड वापरून वापरून पिवळं पडलं होतं.

सरांनी माझा कप घेतला, अंगठा ओला करून चिठ्ठी हळूच सोलून काढली आणि काठोकाठ चहा ओतला.