मारामारी, दोन वर्षं

आमच्या होस्टेलचे वॉचमन मन्मथअप्पा नमस्कार करतात, तेव्हा त्यात त्यांची शिक्षाही येते. "नमस्कार. मन्मथ. मारामारी, दोन वर्षं." एवढं एका दमात सांगून ते समोरच्याची पेटी उचलतात. मुलाला क्लासेससाठी मुरुडहून लातूरला घेऊन आलेले एक गृहस्थ ती पेटी हिसकावून तसेच रिक्षात जाऊन बसले होते.

होस्टेलचा मालक मी. म्हणजे पाटीवर. कारभार सगळा हिचा. अप्पांना कामावर घेतलं तेही हिनंच. मी तेव्हा पाण्याच्या टाकीत उतरलो होतो.

"अप्पा, आधी चहापाणी तरी होऊ देत जा," मी एकदा म्हटलं.

"न्हाई मालक. पहिल्या नोकरीत लपवलं व्हतं. महिन्यानं पोलिसांचा कागद आला, अन् समद्या हमालांसमोर हाकललं मला. तवापासून कागदाच्या आधी म्याच पोचतो."

आणि ते पोचायचे सगळीकडे. केस कापायला, गॅसच्या रांगेत, माझ्या पुतणीच्या लग्नातसुद्धा. तिथं व्याह्यांना त्यांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे मालक. ह्यांचं अजून काई न्हाई."

ते 'अजून' मला आजही टोचतं.

मग एकदा सकाळीच अप्पा माझ्यासमोर हात जोडून उभे. "माय यायलीय आज उमरीहून. तिला सांगितलंय, ती दोन वर्षं म्या हैदराबादला कामाला व्हतो. तेवढं संभाळा."

आणि नेमके त्याच दुपारी वॉचमनच्या पोलीस पडताळणीला हवालदार आले. म्हातारी फाटकाशी शेंगा सोलत बसली होती.

"नाव?"

"मन्मथ."

"आधी काही गुन्हा? खोटं सांगितलं तर शेरा वाईट पडेल. मग नोकरी विसरा."

अख्ख्या लातूरला सांगून झालेला माणूस, पण आता म्हातारीकडे बघत फाटकाची कडी काढू-घालू लागला. मी मालकाच्या नात्यानं मध्ये पडलो. "साहेब, चहा?"

"तिसरा होईल," हवालदार म्हणाले.

तेवढ्यात म्हातारी शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, "लिवा सायेब. मारामारी, दोन वर्षं."

"माय!"

"काय माय? दोन वर्षं हैदराबादेत राहून पोरगं मायला बांगड्या न आणता येतं व्हय?"

हवालदारांनी लिहून घेतलं. "ठेवायचं का नाही ते मालकांनी ठरवायचं," असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभ्या हिच्याकडे पाहिलं.

"अप्पा," ही म्हणाली, "आठला डबेवाला येईल. फाटक उघडं ठेवा."

आठवडाभरानं अप्पांनी एका दिवसाची रजा मागितली.

"कुठं निघालात?"

"हैदराबादला." खिशातून रुमालात गुंडाळलेली एक जुनी बांगडी काढून त्यांनी मला दाखवली. "मायनं दिलीया. मापाला."