हिरव्या डोळ्याचा रेडिओ

"संध्याकाळपर्यंत हा बोलतेच," शालिकरामांनी उंबरठ्यातूनच जाहीर केलं आणि सायकलच्या कॅरिअरवरून एक लाकडी खोकं तान्ह्या पोरासारखं उतरवून घेतलं.

इंदोरा वस्तीतल्या त्या दोन खोल्यांनी ही घोषणा आजवर चाळीसेक वेळा ऐकली होती. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा रविवार ठरलेला. लोक मटणाच्या रांगेत उभे राहायचे, तेव्हा शालिकराम रुळांपलीकडच्या जुन्या बाजारात मेलेले रेडिओ शोधत फिरायचे. घरोघरी ट्रान्झिस्टर आले होते आणि व्हॉल्व्हचे जुने ठोकळे म्हाताऱ्या बैलांसारखे बाजारात येऊन पडले होते. त्यातला जगणारा कोणता, हे ओळखायची त्यांची स्वतःची रीत होती. पाठीमागच्या भोकांच्या पुठ्ठ्याला नाक लावायचं आणि खोल वास घ्यायचा. जळका वास आला तर ठेवून द्यायचा, उंदराचा आला तर घ्यायचा. "उंदीर जित्याच घरात राहते," असं त्यांचं शास्त्र होतं. आणि ते शास्त्र, सांगायला हरकत नाही, फार क्वचित चुकलं.

दुरुस्त झालेला रेडिओ ते विकत नसत. कुणाला तरी देऊन टाकत. रेडिओ घरी आला की मात्र पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं त्याचा केसपेपर लिहायला घेत. 'खाप्याहून आला. छाती भरली होती. आठ दिवसांनी उठून बसला.' खाली सही नाही, फक्त तारीख.

आजचा रेडिओ मात्र द्यायचा नव्हता. वीस वर्षं ते ह्याच जातीचा शोधत होते. तरुणपणी ते एका हॉटेलाबाहेर उभं राहून गाणी ऐकायचे. आत जाऊन बसायची सोय त्यांच्यासारख्यांना नव्हती. खिडकीतून रेडिओचा फक्त हिरवा दिवा दिसायचा, स्टेशन लागलं की मांजराच्या डोळ्यासारखा मिटणारा. "आतल्या लोकायले गाणं ऐकू यायचं," ते आज मुलीला सांगत होते, "पण तो डोळा पाहायचा माह्याकडं."

मुलगी, कौशल्या, कॉलेजात ग्रंथपाल होती. तिनं 'हं' म्हटलं आणि पुस्तकाचं पान उलटलं. घरात तीच एकटी पुस्तकी मराठी बोलायची आणि त्याचा शालिकरामांना फार अभिमान होता.

संध्याकाळी रेडिओ बोलला नाही, पण घरघरला. मोठ्यानं, गिरणीच्या पट्ट्यासारखा. शालिकरामांचा चेहरा उजळला. "कसा येऊन राहिला आवाज?"

"बाबा, आवाज कमी करा," कौशल्या पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. हे वाक्य ती वयाच्या बाराव्या वर्षापासून म्हणत आली होती.

"अवं, आत्ता तं त्यानं तोंड उघडलं," ते हसले आणि त्यांनी बटण फिरवलं.

सोमवारी सकाळी त्यांची बायको अंजनाबाई चहा घेऊन गेल्या, तेव्हा शालिकराम उठले नाहीत.

पुढचा आठवडा माणसांनी भरून गेला. उमरेडहून बसनं शोभाताई आल्या, शालिकरामांची धाकटी बहीण. दुःख झालं की शोभाताईंना आवराआवर करायची जबर इच्छा होते. शनिवारी शालिकरामांच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला भन्तेजी येणार, माणसं बसणार कुठं, म्हणून शुक्रवारी त्यांनी खोली रिकामी करायला घेतली. रद्दी गेली, बाटल्या गेल्या, आणि दारावर आलेल्या कबाडीवाल्याच्या ठेल्यावर "ते रिकामं खोकं" सुद्धा गेलं. शनिवारी कार्यक्रम छान झाला. सगळे गेल्यावर कौशल्याचं लक्ष टेबलाकडे गेलं.

"आत्या, इथला रेडिओ?"

"टेबल कसा मोकळा झाला, पाह्य," शोभाताई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. मग भाचीचा चेहरा पाहून त्या खाली बसल्या. "मले वाटलं, तुम्ही दोघी त्या डब्ब्यायले कंटाळल्या."

हे खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आत्या-भाची जुन्या बाजारात उभ्या होत्या. वडील नत्थूजी नावाच्या ज्या कबाड्याकडून नेहमी माल घ्यायचे, त्याला गाठायचं, असा कौशल्याचा साधा सरळ बेत होता. पण नत्थूजींची जागा रिकामी होती. गोणपाटाखाली दोन पंखे आणि एक इस्त्री, बस. शेजारच्या ताडपत्रीवाल्यानं विचारलं, "कसा होता जी रेडिओ? रंग कोणता? बटणं किती?"

कौशल्यानं आठवून पाहिलं. मागच्या रविवारी पूर्ण दिवस रेडिओ तिच्यापासून चार हातांवर होता. ती वाचत असलेल्या पुस्तकाचं पान तिला क्रमांकासकट आठवत होतं. रेडिओची बटणं आठवत नव्हती. हिरवा डोळा होता, पण बाजारात वीज नव्हती आणि विजेशिवाय सगळ्याच रेडिओंचे डोळे मिटलेले. ओळखीची एकच खूण उरली, पुठ्ठ्याच्या आतलं बाबांचं अक्षर.

म्हणून तिनं पहिल्या रेडिओचा पुठ्ठा उघडायला लावला. मग दुसऱ्याचा. चौथ्या रेडिओत अक्षर सापडलं: 'कुही. घसा बसलेला. पोराच्या लग्नात वाजला पायजे.' हा तो नव्हता. तारखेवरून पाहता चार वर्षांपूर्वी कुणाला तरी दिलेला होता. लग्न आटोपलं असावं आणि ट्रान्झिस्टर आला असावा. पण बाबांचं अक्षर ताडपत्रीवर टाकून पुढं जाणं तिला जमेना. तिनं तो घेतला. दोन दुकानं सोडून आणखी एक निघाला: 'म्हातारीले ऐकू कमी येते, म्हणून आवाज जास्त ठेवला.' तोही घेतला. एव्हाना ती नकळत प्रत्येक पुठ्ठ्याला आधी नाक लावू लागली होती. कॉलेजचे हेडक्लार्क आनंदराव सायकलवरून चालले होते. आपल्या ग्रंथपालबाई भर बाजारात रेडिओ हुंगत आहेत, हे पाहून त्यांनी आदरानं मान दुसरीकडे वळवली आणि ते एका केळीवाल्यावर आदळले.

इकडे ताडपत्रीवाल्यानं शोभाताईंना विचारलं, की बाई आत काय पाहून राहिल्या? पेन्सिलीचं अक्षर शोधतो असं सांगायची शोभाताईंना लाज वाटली. त्या ताठ होऊन म्हणाल्या, "असन काही तरी. तुमाले काय करा लागते?"

तेवढं पुरलं. पाच मिनिटांत बाजाराच्या ह्या टोकाला ठरलं, की कुणीतरी रेडिओत अंगठी लपवून मेलं. ती अंगठी त्या टोकाला पोचेपर्यंत पाटल्या झाली. स्क्रू काढायचे पेचकस मिळेनासे झाले. लोक रेडिओ उघडू लागले; रेडिओ संपले तेव्हा भिंतीवरची घड्याळं उघडली; एका उत्साही गृहस्थानं शिलाई मशीन उलटी करून पाहिली आणि शेवटी कुणीतरी भंगारवाल्याचा वजनकाटाच खोलला. कौशल्या "अहो, फक्त अक्षर आहे" म्हणून सांगत राहिली. पण इतकं खरं बोलणाऱ्या बाईवर त्या बाजारात कोण विश्वास ठेवणार? गर्दीनं तिच्या हाती दिलेले रेडिओ तिनं हुंगले, वाचले; आणि दुपारी तीन वाजता दोघी सायकलरिक्षात बसल्या, तेव्हा त्यांच्या मांडीवर, पायाशी आणि मागं दोरीनं बांधलेले असे सहा रेडिओ होते. सगळे बाबांच्या अक्षरातले. तो मात्र नव्हता.

"माहीच चूक झाली," शोभाताई एका रेडिओच्या आडून म्हणाल्या. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून कौशल्यानं त्यांचा हात धरला.

घरी दार उघडं होतं. टेबलावर तो रेडिओ होता.

टेबलाशी एक वाळकेसे गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या कपातला चहा केव्हाचा गार झाला होता. ते नत्थूजी. ठेलेवाल्यानं शुक्रवारचा माल त्यांच्याकडेच ओतला होता. आपणच विकलेला रेडिओ त्यांनी पाहताक्षणी ओळखला, आणि शालिकरामांनी रागानं काढून टाकला म्हणजे मालात काही खोट निघाली, असं समजून ते पहाटेच बाजार सोडून दिलगिरी सांगायला निघाले होते. इंदोऱ्यात घर शोधण्यात दुपार झाली. काय झालं ते त्यांना अंजनाबाईंनी नुकतंच सांगितलं होतं.

अंजनाबाईंनी रिक्षातून उतरणाऱ्या रेडिओंकडे पाहिलं. एक, दोन, तीन, असे सहाही मोजले. "बाप्पा," त्या म्हणाल्या, "लेक पुरी बापावर गेली."

आठ दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

नत्थूजी कौशल्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, बाजारात सारे मले फसवाले येत. तुमचे वडील सांगायचे, नत्थूजी, हा चांगला आहे, कमी भावात देऊन नका राहू. असा गिऱ्हाईक मी पाह्यला नाही." पैशाचं विचारल्यावर त्यांनी हात हलवला. पैसे तर मागच्या रविवारीच मिळाले होते.

मग त्यांनी पुठ्ठा उघडला. एक व्हॉल्व्ह मेलेला होता. सहा रेडिओंमध्ये शोधाशोध झाली आणि पोराच्या लग्नात वाजलेल्या कुहीच्या रेडिओनं आपला व्हॉल्व्ह दिला. पुठ्ठा परत लावण्याआधी कौशल्यानं तो उजेडात धरला. मागच्या रविवारची तारीख होती.

'आला. वीस वर्षं लागले. एक व्हॉल्व्ह पायजे. आवाज मोठा आहे, कौशल्याले तरास होते. कमी करा लागन.'

तिनं ते दोनदा वाचलं आणि पुठ्ठा नत्थूजींच्या हाती दिला.

बटण फिरवल्यावर बराच वेळ काहीच झालं नाही. व्हॉल्व्ह गरम व्हायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं. आपल्याला हे माहीत आहे, हे आजच कळत होतं. मग काचेमागे हिरवा डोळा हळूहळू उघडला. नत्थूजींनी सुई सरकवली, डोळा मिटत आला, आणि वीस वर्षं वाट पाहायला लावलेला तो रेडिओ खणखणीत आवाजात बोलला: कांदा, क्विंटलला, आवक साधारण.

"आवाज कमी कर वं," स्वयंपाकघरातून अंजनाबाई म्हणाल्या.

कौशल्यानं बटणावर हात ठेवला. टेबलामागच्या बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, आवाज लय साजरा येऊन राहिला. वाढवा थोडा."

आणि कांद्याचा भाव तिनं स्वतःच वाढवला.