कादंबरीतल्या बाईचं गाऱ्हाणं

सन दोन हजार चोवीस. माझं वय शहात्तर. त्या वर्षी आमच्याच वाडीतल्या लग्नात, आमच्याच भावकीच्या पंगतीत, पानावर बसलेल्या मला विमलबाई म्हणाली, "तात्या, पुढे सरका. मागे माणसं उभी आहेत."

पंगतीत पुढे सरकायचं म्हणजे काय, भातात बसायचं? मी तिच्याकडे नुसतं बघितलं. माझ्या अशा बघण्याने भलेभले ठेकेदार गप्प झालेत. ती झाली नाही. "सरका, सरका, दोघांची जागा अडवलीत," म्हणाली. आणि मी सरकलो. का सरकलो ते अजून कळलेलं नाही.

विमलबाई एसटीत कंडक्टर होती. निवृत्त झाली आणि आमच्या वाडीत, माझ्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून दोन खोल्यांचं घर घेऊन राहिली. गाडीतून ती उतरली फक्त कागदोपत्री. देवळात उभी राहिली तरी पाय फाकवून, एक खांदा खांबाला टेकून, जणू पुढे घाटाचं वळण आहे. कोणाच्या घरी गेली तर दाराजवळच्या खुर्चीत बसायची नाही, ती म्हणे म्हाताऱ्या माणसांना ठेवायची. लग्न केलं नव्हतं. बायकांनी कारण विचारलं तर म्हणायची, "माझी गाडी फलाटाला लागलीच नाही." आणि हसायची. तिचं हसणं मोठं होतं, गडगा ओलांडून यायचं.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढे लागणार आहे. मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांनी चूक नसताना मारलं, मी परत गेलो नाही. रत्नागिरीच्या या बाजूला जांभ्याची जी जुनी घरं सरळ उभी दिसतील त्यातली बरीच माझ्या हातची. वाकडी दिसतील ती दुसऱ्यांची. आणि आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. देवापुढे उभं राहून सगळ्या वाडीच्या वतीने खड्या आवाजात मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला मागच्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची, ते हे गाऱ्हाणं. आधी बाप घालायचा, आता मी घालतो. दात गेले, आवाज आहे तसा आहे.

तर, पुस्तक. विमलबाईच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी सावर्ड्याहून येणाऱ्या गाडीत कोणीतरी सीटवर एक जाडजूड पुस्तक विसरलं. तिने ते डेपोत जमा केलं. कोणी न्यायला आलं नाही, तेव्हा डेपोतल्या साहेबांनी तिलाच घेऊन जायला सांगितलं. कुठल्याशा लांबच्या देशातली कादंबरी, कोणीतरी मराठीत आणलेली. वरचं कव्हर फाटलेलं, त्यामुळे नाव कोणालाच ठाऊक नाही. विमलबाई त्याला "आपली गाडी" म्हणायची.

चोवीसच्या मे महिन्यात बायका तिच्या पडवीत कोकमासाठी रातांबे फोडायला जमू लागल्या. तिची पडवी लांब आणि गार. रातांब्याची सालं एकीकडे, बिया एकीकडे, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल, आणि विमलबाई मध्ये उभी राहून वाचणार. बसून नाही. सुरुवातीला खिडकीच्या गजावर चमच्याने दोनदा टण टण. थांबायचं असलं की एकदा टण.

मध्ये कोणी बोलली की, "आतल्या गर्दीने आवाज कमी!" कोणी रडायला लागली की, "रडायचं असेल तिने खिडकीकडे बसा." आणि पुस्तकात काही नाजूक प्रसंग आला की गडबडीने दोन-तीन पानं उलटायची.

"अगो, मधलं काय झालं?" शेवंता ओरडायची. शेवंता आमची चुलतभावजय, तिला मधलंच हवं असायचं.

"इथे थांबा नाही," विमलबाई म्हणायची आणि पुढे वाचायची.

आता हे मला कसं ठाऊक? त्याच दिवसांत आमच्या गडग्याचे दगड सुटले होते. मी रोज दुपारी ते काढायचो आणि नीट लावायचो. आमची मंडळी, म्हणजे काशी, म्हणाली, "एवढ्या दिवसांत किल्ला उभा राहिला असता." तिला बांधकामातलं कळत नाही. चांगला गडगा सावकाशच होतो.

गोष्ट अशी होती. एक देश. तिथे एक मंडळ राज्यावर बसतं आणि फर्मान काढतं की बाईच्या नावाने घर असणार नाही. घर मोजायचं ते पुरुषाच्या नावाने. ज्या घरात पुरुष नाही ते घर रिकामं धरायचं, आणि आतल्या बाईला उचलून मंडळ सांगेल त्या घरी कामाला लावायचं. दिवेलागणीनंतर बाई रस्त्यावर दिसली तर तिला धरायचं. दोन बायका कुजबुजताना दिसल्या तर दोघींना धरायचं. इरीना नावाची एक बाई, घड्याळं दुरुस्त करणारी, नवरा मेलेला. ती घर सोडत नाही. सरकारदरबारी जे घर रिकामं आहे त्यातच ती माळ्यावर लपून राहते. चूल पेटवत नाही, धूर दिसेल म्हणून. खोकत नाही. आणि रात्री शेजारच्या घरांत कोंडलेल्या बायकांना भिंतीतून निरोप पोचवते.

वाडीच्या बायकांनी ही इरीना एवढी मनावर घेतली की काय सांगू. तिला चार दिवस पोटाला मिळालं नाही, त्या दिवशी आमच्या घरी बांगडे होते आणि काशीने ते तळलेच नाहीत.

"का?" मी विचारलं.

"ती तिकडे सुकी पावाची कड चावतेय, आणि इकडे तुमाला बांगडे?"

"अगो, ती पुस्तकात हाय!"

"पुस्तकात असली म्हणून काय भूक लागत नाय?"

शेवंताचं म्हणणं, तिने सरळ इकडे यावं. कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरावं, पुढे रिक्षा आहे. "आमच्या पोटमाळ्यावर राहू दे. वर फक्त सुकी लाकडं आहेत." हे ती हसत म्हणत नव्हती.

मंडळावर तर सगळ्यांचा एवढा राग की तो घरोघरच्या पुरुषांवर निघायला लागला. मी पाणी मागितलं तर काशी म्हणायची, "आलं मंडळ." गुरवाच्या घरीही तेच. तो मला म्हणाला, "तात्या, त्या बाईला सांगा, देवाची पोथी वाच. आमचं जगणं अवघड झालंय." मी सांगितलं नाही. गोष्ट ऐन रंगात आली होती. म्हणजे गडग्याचं काम ऐन रंगात आलं होतं.

मे संपत आला. पेरणीच्या आधी देवळात गाऱ्हाणं होतं, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मंडळाची माणसं इरीनाच्या घराचं दार फोडून जिन्यावर चढली. माळ्याच्या फळीखाली त्यांच्या बुटांचा आवाज. आणि तिथेच विमलबाईने गजावर एकदा टण केलं.

"आता थांबू नको गो!" सगळ्या ओरडल्या.

"एकच प्रकरण राहिलं आहे. आज नाही." पुस्तक मिटून ती आत गेली. पडवीत असा कल्ला झाला की माझ्या हातचा दगड पायावर पडता पडता राहिला.

संध्याकाळी ती आमच्या अंगणात आली. हातात नारळ. आमच्याकडे नारळ घेऊन माणूस आला की ओळखायचं, गाऱ्हाण्यात काहीतरी घालायचं आहे.

"तात्या, उद्या एक मागणं घाला."

"कोणासाठी?"

"इरीनासाठी. ती सुटू दे, एवढंच."

मी पान लावत होतो ते खाली ठेवलं. "विमल, तू शिकलेली बाई. ती छापलेली गोष्ट आहे. जे व्हायचं ते होऊन, छापून, बांधून झालं. देव काय आता छापखान्याचे खिळे बदलणार?"

"छापलेलं तुम्ही बघितलंत?"

"मी नाही बघितलं."

"मीही नाही. मग झालं कशावरून?"

मी म्हटलं, "गाऱ्हाण्याला नियम आहेत. ज्याच्यासाठी मागायचं तो वाडीतल्या घराचा पाहिजे. रस्त्यावरच्या कोणाचंही घालत नाही मी."

"गेल्या साली गुरवाच्या म्हशीसाठी घातलंत."

"म्हैस वाडीतली होती."

"आणि शेवंताच्या मुलासाठी? नोकरी लागू दे म्हणून. तो मुलगा मुंबईला गेल्यापासून कोणी पाहिला आहे? इरीना निदान रोज दुपारी येते."

घरातून काशी हसल्याचा आवाज आला. मला राग आला. मी म्हटलं, "मान माझा आहे. मी नाही घालणार. नारळ घेऊन जा."

ती गेली नाही. खांबाला खांदा लावून उभी राहिली. "मी उभी आहे," म्हणाली. "मला उभं राहायची सवय आहे."

बराच वेळ ती उभी आणि मी बसलेला. कोंबड्या आत गेल्या. मीच शेवटी विचारलं, "एवढं काय आहे त्यात? घरी जा, शेवटचं प्रकरण वाच, सुटली की नाही कळेल. तू तर आधी वाचलंच असशील."

"नाही वाचलं."

"दोन वर्षं पुस्तक तुझ्या घरात आहे!"

"इथपर्यंत दोन वेळा आले. ती बुटांचा आवाज ऐकते, इथपर्यंत." ती दुसरीकडे बघायला लागली. नेहमीचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "पुढचं पान उलटवत नाही, तात्या. घरात दुसरं कोणी नसतं ना. तिचं बरंवाईट झालं तर मी कोणाला सांगू? आणि सुटली तरी कोणाला सांगू? म्हणून तर या सगळ्यांना बोलावलं. रातांबे काय, त्यांनी कुठेही फोडले असते."

तिने नारळ खालच्या पायरीवर ठेवला आणि गेली. घेऊन जा म्हणून सांगितलेला नारळ.

काशी बाहेर आली. तो उचलून आत नेता नेता म्हणाली, "वाडीतल्या घराचा पाहिजे म्हणे. विमलचं तरी घर कुठं घेता तुमी गाऱ्हाण्यात? एकेका पुरुषाच्या नावाने घरं म्हणता, तिची पायरी आली की पुढे जाता. पत्ता आहे, बिल येतं, घर तेवढं नाय."

"नियम आहे," मी म्हटलं.

"व्हय," काशी म्हणाली. "मंडळाचापण होता."

मला कोणी शिकवलेलं आवडत नाही. मास्तरांना विचारा. पण जेवताना मी नियमाचाच विचार करत होतो, कारण नियम मला बापाने शिकवलाय आणि तो मी मोडत नाही. बापाने आणखी एक सांगितलं होतं: वाडीतल्या घरात पाहुणा उतरलेला असला तर त्याचंही गाऱ्हाणं घालायचं. तो आपल्या छपराखाली आहे तोवर आपलाच. एकदा एक आजारी फेरीवाला आमच्या ओटीवर पडून होता, बापाने त्याच्यासाठी घातलेलं मी ऐकलं आहे. म्हणजे नियम होताच. पण इरीनाला पाहुणी म्हणायची तर आधी विमलचं घर, घर म्हणायला हवं. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. काशीने वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धोतर नेसून देवळात गेलो. सगळे पुरुष सभामंडपात, बायका मागे. विमलबाई सगळ्यांच्या मागे, पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, कडेला. गुरवाने दिवा लावला. मी नारळ हातात घेऊन सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत. पेरलेलं उगवू दे, उगवलेलं राखून ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

घरं घेत गेलो. एकेक घर, एकेक "व्हय म्हाराजा". माझं घर झालं. नेहमी तिथून मी शेवंताच्या घरावर जातो. मी थांबलो.

"विमलबाईचं घर, म्हाराजा!"

गुरवाने मान वर केली. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. साथ आली नाही. मी बाईचं नाव घेतलं तर साथ द्यायची की नाही, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी मागे वळून बघितलं, माझ्या त्या बघण्याने. तेवढ्यात बायकांतून काशीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" आणि मग सगळ्या बायकांचा. पुरुषांचा त्याच्या मागोमाग.

"त्या घरी लांबच्या मुलखाची एक पाहुणी उतरली हाय. इरीना तिचं नाव. तिच्यामागे कोण नाय असं कोणाला वाटत असल, तर ते त्याच्या मनातून काढ. तिच्यामागे ही वाडी उभी हाय. तिच्या वाटेत आलेल्याला बाजूला कर, तिला सुखरूप बाहेर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळाची कौलं हालतील असा आवाज. त्यात विमलबाईचा नव्हता. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

गाऱ्हाणं संपलं. मी घरी गेलो नाही, चहा घेतला नाही. गडग्यापाशीही थांबलो नाही. सरळ विमलबाईच्या पडवीत गेलो, रातांब्यांच्या टोपल्या सरकवून भिंतीला पाठ लावून बसलो. बायका धावत मागून आल्या आणि दारातच थबकल्या. सगळ्यांत शेवटी ती आली.

"काढ ते पान," मी म्हटलं. "मी बसलोय."