बळवंतरावांच्या माश्या

बळवंतराव पहिल्या भेटीत माणसाचं नाव विचारत नसत. सदऱ्याची बाही चिमटीत धरून विचारत, "सुती की रेयॉन?" आणि उत्तर येईपर्यंत एक धागा त्यांच्या खिशात गेलेला असे. पिंपरीच्या औषध कारखान्याच्या कॉलनीत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो, आणि माझे सदरे उसवायला लागले.

हा माणूस खोट्या माश्या बांधायचा. गळाच्या आकड्यावर धागे, पिसं गुंडाळून किडा केला की मासा फसतो. ही विद्या त्यांनी खडकीच्या एका गोऱ्या साहेबाकडून उचललेली. साहेब पिसं आणि रेशीम वापरी. यांना नव्या जमान्याची माशी हवी होती, नायलॉनची, सेल्युलॉइडच्या पंखांची. अडचण एकच, तिला काही चिकटत नसे. डिंक पाण्यात विरघळे, सरस मऊ पडे, व्हार्निशचा पापुद्रा निघे. आणि जे चिकटे, ते माशीलाच खाऊन टाकी.

"चिकटणं सोपं हो," ते म्हणत, "पटलं पाहिजे!" कॉलनीत कुणाचं लग्न ठरलं तरी हेच म्हणत. त्यामुळे त्यांना बोलावणी कमी येत.

रविवारी ते मोशीला इंद्रायणीवर जात. एकदा मीही गेलो. पहिल्याच फेकीत माशीचे पंख सुटून वाहत गेले. काठावर बैल धुणारा शेतकरी म्हणाला, "दादा, तुमी मासं धरताय का त्यास्नी जेवू घालताय?"

दुपारी एक मासा गळाला लागला. बळवंतरावांनी त्याच्या तोंडातली माशी काढली, चष्म्याजवळ धरून जोड तपासला आणि मासा सोडून दिला.

"अवं, कालवण झालं असतं की!" शेतकरी कळवळला.

"मी शाकाहारी आहे. मला फक्त त्याचा अभिप्राय हवा होता."

त्या दिवाळीत माझ्या बायकोनं, कुमुदनं, पुण्याहून आकाशी रंगाची कृत्रिम रेशमाची साडी आणली. पाडव्याला बळवंतराव बाटली नाचवत आले. फिल्मचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्यांनी नवं व्हार्निश केलं होतं. दाखवण्याच्या भरात कुंचल्याचा थेंब कुमुदच्या पदरावर पडला आणि बघता बघता तिथे भोक पडलं.

"वहिनी!" ते आनंदानं ओरडले, "म्हणजे हे रेशीम अ‍ॅसिटेटचं, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारं! या जातीला हे व्हार्निश चालायचं नाही!"

मग त्यांनी कुमुदच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि बाटलीला बूच लावून खाली मान घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते कागदात बांधलेली गुलाबी साडी घेऊन आले. कोरी, पण घड्यांवर पिवळट झालेली.

"आमच्या हिच्यासाठी घेतली होती. दवाखान्यातून घरी आली की नेसणार होती."

त्यांचं लग्न झालं होतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. कुमुद नको नको म्हणत राहिली.

"ठेवून ठेवून घडीवर विरते हो," ते म्हणाले. "कुणीतरी नेसायला हवी."

संक्रांतीला कुमुद ती साडी नेसली आणि तिळगूळ द्यायला आम्ही त्यांच्या दारात गेलो. बळवंतरावांनी दार सताड उघडलं. मग म्हणाले, "आत या ना. चहा टाकतो." एरवी ते कुणालाच आत बोलवत नसत.

घरात कप एकच निघाला. तो त्यांनी कुमुदला दिला. आम्ही दोघं वाट्यांतून प्यायलो. साखर घालायची ते विसरले होते. कुमुदनं मात्र सगळा चहा संपवला आणि आणखी आहे का, म्हणून विचारलं.